लोकरपायी

मला कुणी हट्टी म्हटलं की मी लगेच मान डोलावते. उगाच वाद कशाला? पण त्या हट्टापायी मी स्वतःचं नुकसान करून घेतलं असं कुणी म्हणालं, तर मात्र त्याला समोर बसवते आणि काचेच्या कपाटाची ही हकिकत पहिल्यापासून ऐकवते.

साल तिसाच्या आगेमागे असेल. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत मी नवी नवी मास्तरीण होते. वय बावीस. माझं लग्न कळायच्या आत झालं होतं आणि कळायच्या आतच संपलं होतं. वळसंगच्या धनगराची विधवा पोर सातवीची फायनल पास होते, ट्रेनिंग करते आणि खुर्चीवर बसून शिकवते, याचं पेठेला कौतुक कमी आणि नवल जास्त. डबा खाताना शेजारच्या बाई हसत म्हणायच्या, "तुमच्याजवळ बसलं की लोकरीचा वास येतो हं." मी म्हणायची, "येणारच. थंडीत घोंगडं मागायला याल तेव्हा तोच वास गोड लागेल."

नोकरी हंगामी होती. वर्षअखेरीला दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, येऊन शेरा लिहिणार होते. शेरा चांगला पडला तर मी कायम होणार होते. नाही पडला तर गावोगाव हंगामी भटकायचं, नाहीतर दिराच्या दारात भाकऱ्या थापत बसायचं. मला कायम व्हायचं होतं. इतकं मनापासून मी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

त्याच वर्षी विलायतेला परत निघालेल्या एका मडमेनं शाळेला काचेचं कपाट भेट दिलं. आत भुसा भरलेली सात पाखरं, अमेरिकेतली, हमिंगबर्ड नावाची. बहुतेक आपल्या इवल्या शिंजीर पाखराएवढी, एखादं त्याहून लहान. प्रत्येकाच्या पायाशी पितळी पट्टी आणि पट्टीवर कोरलेलं लॅटिन नाव. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, इतक्या हरखल्या की त्यांनी नवा शिरस्ताच घातला. सकाळी प्रार्थना, मग पाढे, आणि मग कपाटासमोर हात जोडून सातही नावं एका सुरात. "एन्सिफेरा एन्सिफेरा! पाटागोना गिगास! मेल्लिसुगा मिनिमा!" बाहेर मागांची खटखट आणि आत हा गजर. रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हातारीनं खिडकीतून त्या कपाटाला नमस्कार केलेला मी स्वतः पाहिला.

पहिल्या रांगेत विणकराची एक मुलगी बसायची. घरी तेलुगू बोलायची आणि गल्लीत मराठी. लॅटिन काही तिच्या जिभेवर बसेना, म्हणून मोठ्या बाईंनी तिला मठ्ठ ठरवून टाकलं होतं. एके दिवशी तिनं जोडलेले हात सोडले आणि मला विचारलं, "बाई, ह्ये म्हंजी काय?"

मला माहीत नव्हतं. मी मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शास्त्रीय नावांचा अर्थ विचारायचा नसतो, ती पाठ करायची असतात. आणि तुम्हाला काय करायचाय अर्थ? मेंढरं वळायचीत का त्यावर?"

पहिल्या दोन वाक्यांवर मी गप्प बसले असते. तिसरं मला झोंबलं, आणि खरं सांगायचं तर अजून झोंबतं. त्या रविवारी मी सातही नावं कागदावर उतरवून मिशनमधल्या म्हाताऱ्या पादरींकडे गेले. त्यांना लॅटिन आणि ग्रीक येई, आणि मराठी ते हळू पण स्वच्छ बोलत. त्यांनी जाडजूड कोश काढला, चष्मा पुसला आणि एकेक नाव सोलायला घेतलं.

एन्सिफेरा म्हणजे तलवार बाळगणारी. खरंच त्या पाखराची चोच अंगाहून लांब होती. पाटागोना गिगास म्हणजे पाटागोनिया मुलखातला राक्षस. हा राक्षस आपल्या साळुंकीपुढंही किडकिडीत दिसला असता! मेल्लिसुगा मिनिमा म्हणजे मध चोखणारी, सगळ्यांत लहान. क्रिसोलॅम्पिस मॉस्किटस म्हणजे सोन्याचा दिवा, आणि त्यापुढे चक्क डास. ट्रोकिलस हे नाव तर उसनवारीचं. मगरीच्या जबड्यात शिरून दात साफ करणारं एक पाखरू नाईल नदीवर असतं असं जुने ग्रीक सांगत, त्याचं ते नाव. कुणा पंडितानं ते उचललं आणि समुद्रापलीकडच्या, मगरीशी काडीचा संबंध नसलेल्या ह्या पाखराला चिकटवून दिलं.

मग आलं एरिओक्नेमिस. पादरी म्हणाले, "एरिओन म्हणजे लोकर. क्नेमिस म्हणजे नडगीवर बांधायचं चिलखत, पायमोजा म्हणा हवं तर. लोकरीचे पायमोजे घातलेली." आणि ते पुढच्या नावाकडे वळले. मी वळले नाही. मी म्हटलं, "लोकर? नक्की लोकर?" ते म्हणाले, "नक्की."

मला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ज्या नावापुढे आम्ही महिनाभर हात जोडून उभ्या होतो, त्याच्या पोटात लोकर होती! आणि ही नावं ठेवायची रीत तरी कोणती? आमचीच की. आमच्या घरी कोकराला जन्मल्या जन्मल्या नाव देत नसत. पहिली कातरणी झाली की आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याला मांडीवर घेत, उलटंपालटं करून बघत, चार पावलं चालवत आणि मग अंगावरच्या खुणेवरून नाव ठेवत. काळतोंडी, लांबकानी, पांढरपायी. दोनशे मेंढरांत हाक मारली की तेवढीच मेंढी मान वर करायची.

सातव्या पाखराचं नाव पादरींच्या कोशात सापडलं नाही. मी त्यांना म्हटलं, राहू द्या, मी बघते. शाळेत येऊन काचेतून निरखलं तर गळा झळझळीत गुलाबी. मी म्हटलं, झालं, हाच अर्थ असणार. नाव म्हणजे खूण, दुसरं काय असतं?

मी सात चिठ्ठ्या लिहिल्या. तलवारवाली, पाटागोनियाचा राक्षस, धाकटी मधचोखी, सोनदिवा डास, मगरीच्या पाखराचं नाव घेतलेला, लोकरपायी आणि गुलाबगळी. विणकराच्या मुलीनं घरून सुताला लावायची खळ वाटीत आणली आणि आम्ही दोघींनी चिठ्ठ्या काचेवर बाहेरून डकवल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर पोरींनी हात जोडलेच नाहीत. सगळ्या काचेला नाक लावून तलवार आणि लोकर शोधत होत्या.

मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. "ही शास्त्राची चेष्टा आहे. आठ दिवसांनी दिपोटी साहेब येताहेत. त्याआधी काच स्वच्छ झाली पाहिजे. तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय," मी म्हणाले.

"मग?"

चार दिवस मी चिठ्ठ्यांकडे बघत होते आणि चिठ्ठ्या माझ्याकडे.

पाचव्या दिवशी आप्पा घोंगडी विकायला बाजाराला आले होते, ते मला भेटायला शाळेच्या फाटकाशी आले. शिपाई त्यांना आत सोडेना. मी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत, खांद्यावरच्या घोंगड्यासकट, त्यांना कपाटापुढे नेलं. एकेक चिठ्ठी वाचून दाखवली. मगरीच्या नावावर त्यांनी मान हलवली. लोकरपायीपुढे मात्र वाकून बराच वेळ बघत राहिले. तिच्या इवल्या पायांवर पांढऱ्या पिसांचे दोन गोंडे होते.

"ह्यो नाव ठिवनारा शाना हुता," आप्पा म्हणाले. "हातात घिऊन बगितलंय त्यानं. लोकर हाय की." मग सातव्याकडे बोट करून म्हणाले, "ही गुलाबगळी कुनी ठिवली?"

"मी."

"हातात घितलीस व्हय?"

"न्हाय. काचंतनं बघितली."

"हं," एवढंच ते म्हणाले. मी त्यांना नोकरीचं सांगितलं. ते सरळ झाले, काठी उचलली. "नोकरी तुजी हाय, पोरी. मी काय सांगू? पन खरं नाव पुसून मेंढरू हाकायचं, आसं आपल्या घरात कुनी केलं न्हाय." आणि बाजाराकडे गेले.

ठरलेल्या दिवशी दिपोटी साहेब आले. कोट, फेटा, हातात छडी. पाढे ऐकले, शिवण पाहिली आणि कपाटापुढे थांबले. तलवारवालीला हसले. राक्षसाला तर मोठ्यानं हसले. मला वाटलं, जिंकलं. मग ते सातव्या चिठ्ठीपाशी आले.

"गुलाबगळी? हा अर्थ कुठं मिळाला?"

"मीच लावला, साहेब."

"बाई, हे एका फ्रेंच सरदाराच्या पत्नीचं नाव आहे. तिच्या मानाखातर ठेवलेलं. गळ्याशी काही संबंध नाही." मोठ्या बाई पदराआड हसल्या.

माझे कान तापले. आप्पांचं ते 'हं' मला तेव्हा कळलं. हातात न घेता नाव ठेवलं होतं, घरचा रिवाज मीच मोडला होता. मी म्हणाले, "चुकलं माझं." आणि तिथंच टाक घेऊन गुलाबगळी खोडलं, आणि लिहिलं: एका सरदाराच्या बायकोचं नाव. खाली दुसरी ओळ लिहिली: पाखराची खूण, गुलाबी गळा. त्या बाईंचं नाव मी इथंही लिहीत नाही. त्या आधीच पुष्कळ ठिकाणी छापल्या गेल्या आहेत.

"दुसरी ओळ कशाला?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, त्या बाईंनी हे पाखरू कधी पाहिलं तरी होतं का, देव जाणे. गळा मात्र पाखराचा स्वतःचा आहे. आमच्या कळपात पाटलीणबाईंच्या नावाची एकही मेंढी नाही."

पोरी खुदकल्या. साहेबांचं हसू गेलं. ते सावकाश म्हणाले, "सगळ्या चिठ्ठ्या आत्ता काढा आणि चूक लेखी द्या. मी शेऱ्यात ह्यातलं काही लिहिणार नाही. तुमची नोकरी कायम होईल."

इतकं स्वस्त होतं. ओला फडका आणि दोन ओळी. पण माझ्या तोंडून जे निघालं ते आजही मला शब्दन्‌शब्द पाठ आहे: "चूक एकीत होती, ती सुधारली. बाकीच्या सहा बरोबर आहेत. बरोबर लिहिलेलं मी माझ्या हातानं पुसणार नाही."

मोठ्या बाईंनी स्वतः सुरी मागवली आणि काच खरवडायला लागल्या. विणकराच्या घरची खळ ती, सहजी निघते थोडीच! घामाघूम झाल्या, पण चिठ्ठ्या गेल्या. साहेबांनी वहीत शेरा लिहिला. पुढे महिन्याभरात माझी रवानगी मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यात झाली, हंगामीच, आणि कायम व्हायला मला आणखी बरीच वर्षं लागली. ह्यालाच लोक माझं नुकसान म्हणतात. पण त्या दुपारी अजून एक गोष्ट व्हायची होती.

तपासणी गोडीनं संपवावी म्हणून साहेबांनी पहिल्या रांगेतल्या त्या मुलीला उभं केलं, छडी कपाटातल्या एका पाखराकडे केली आणि विचारलं, "सांग बरं बाळ, ह्या पाखराचं नाव काय?"

तिनं खरवडलेल्या काचेकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता पुढे गेली, वाकली, पाखराचे पाय नीट पाहिले आणि हात न जोडता म्हणाली, "लोकरपायी."

"पण तसं आता कुठं लिहिलंय?"

"पायावर लिवलंय की, सायेब."