वास दारूचा नव्हता

नोकरीत पंचनामे किती केले ते विसरलो. पण त्या माणसाचा डावा हात आजही विसरलेलो नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. महामार्ग आमच्या हद्दीतून जायचा. ढाब्यांवर झोपेच्या गोळ्या नशेसाठी चोरून विकल्या जात होत्या. विकणारा सापडत नव्हता आणि दर बैठकीत वरिष्ठ मला त्यावरून झापत होते. अशात एका सकाळी खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, ढाब्यामागं एक माणूस डुलून राह्यला. खिशात गोळ्या हायेत. लवकर या."

पंच घेऊन आम्ही पोचलो. चाळिशीचा माणूस, चेहरा सुजलेला, खिशात गोळ्यांची अर्धी पट्टी. झडती, पंचनामा, जप्ती आटोपून त्याला ठाण्यात आणले. आमचा जिल्हा दारूबंदीचा. माणूस डुलताना दिसला की आधी त्याचे तोंड हुंगायचे आणि मग नाव विचारायचे, ही तिथली जुनी सवय. आमच्या हवालदाराचे नाक तर इतके तयार, की दारू मोहाची की देशी हे तो दारातूनच सांगे. त्याने हुंगले आणि तोंड वाकडे केले.

"साहेब, मोहाची नाई, देशी बी नाई. मुतारीवानी वास येऊन राह्यला."

दारू नाही म्हणजे गोळ्याच, असे मी ठरवून टाकले. त्याची बाही वर केली तर डाव्या हातावर सुयांच्या खुणांची रांग. मी मनातून खूश झालो. असले पक्के गिऱ्हाईक विकणाऱ्याला ओळखणारच. खरे तर त्याला आधी वैद्यकीय तपासणीला न्यायला हवे होते. "अगोदर नाव काढू, मग मेडिकल," असे मी म्हणालो. ती चूक माझी, हवालदाराची नव्हे.

"गोळ्या कोणी दिल्या?" मी विचारले.

"आज कोणता वार हाय?" तो म्हणाला.

"विकणाऱ्याचं नाव सांग."

"मले बसमंदी बसवून द्या जी."

बोलता बोलता त्याचे डोळे मिटत. दोन्ही हात समोर धरायला सांगितले तर पंजे पुन्हा पुन्हा गळून खाली पडत.

"काऊन सोंग करून राह्यला बे?" हवालदार ओरडला.

सोंगाडे मी पुष्कळ पाहिले होते. सोंगाड्याचा एक डोळा कायम आपल्यावर असतो. हा माझ्याकडे पाहतच नव्हता. हे मला दिसले होते, तरी मी टेबलावर हात आपटला आणि नको नको ते बोललो.

तो उठून दाराकडे निघाला. हवालदाराने त्याचा डावा हात आवळला आणि चटका बसल्यासारखा सोडला.

"साहेब, याच्या हातात कायतरी घुरघुरून राह्यलं! विहिरीवरच्या मोटारीवानी!"

स्टेशन डायरी लिहीत बसलेली महिला शिपाई उठून आली. तिने त्या हातावर हलकेच बोटे ठेवली.

"सर, हा हात कोणी दाबू नका. माह्या बाबाचा असाच हाय. डायलिसिससाठी इथली नस जोडून देतात, म्हणून रगत असं घुरघुरते; सुयाबी इथंच टोचतात. याचं डायलिसिस बुडालं दिसते."

मी जीप काढायला लावली आणि आम्ही थेट वर्ध्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी त्याला लगेच आत घेतले. नंतर मला म्हणाले, "याच्या किडन्या बंद आहेत. रक्तातली घाण मशीन काढतं. डायलिसिस चुकलं की ती घाण मेंदूवर जाते. माणूस बरळतो, पेंगतो आणि शेवटी बेशुद्ध पडतो. तोंडाचा तो वासही त्याचाच. त्यात याने झोपेच्या गोळ्या खाल्ल्या, म्हणजे दुहेरी मार. दुपारपर्यंत ठाण्यात ठेवला असता तर वाचला नसता."

मला आधी स्वतःवर होणारी चौकशी आठवली आणि मग त्याच्या घरची माणसे. या क्रमाची मला आजही लाज वाटते.

दवाखान्यात त्याची नोंद होती; तिथून निरोप गेला आणि त्याची बायको तासाभरात पोचली. ती म्हणाली, "रातभर यायचे पाय ठणकत, झोप नाई. म्हणून ढाब्यावरून गोळ्या आणल्या यायनं. त्या खाल्ल्या का डायलिसिसले जायची सकाळची बस चुके. तीन डायलिसिस बुडाले जी. मंग तं गोळी घेतली का नाई हेबी याद राहेना, परत घेत."

दोन दिवसांनी तो उशीला टेकून बसला होता. मी काही विचारायच्या आत त्याने विकणाऱ्याचे नाव, ढाबा आणि मोटारसायकलचा रंगही सांगितला. मी दमदाटी करून जे काढू शकलो नाही, ते मशीनने काढून दिले. आठवड्याच्या आत विकणारा कोठडीत होता, आणि हा माणूस गोळ्या सोडायच्या उपचाराला लागला.

त्यानंतर माझ्या ठाण्यात शिरस्ता पडला: आधी मेडिकल, मग प्रश्न. डुलणारा माणूस गुन्हेगार असेलही, पण तो आजारी नाही ना हे आधी बघावे. नाव काय, नंतरही मिळते.

माझ्या निवृत्तीनंतर तो मला वर्ध्याच्या बसस्थानकावर भेटला. डायलिसिस करून बायकोबरोबर घरी निघाला होता. चांगला तरतरीत दिसत होता.

"साहेब, त्या दिवशी म्या तुमाले काई वाईटसाईट तं नाई बोललो ना? मले काईच याद नाई."

"तू नाही. मी बोललो. माफ कर."

तो मोकळेपणाने हसला. "मलेच याद नाई तं माफी कायची? चाय घ्या. मले पाणी मोजून हाय, तुमी फुल घ्या."

मी फुल चहा घेतला. बस लागली तेव्हा त्याने आपणहून डावा हात पुढे केला. मी तो अगदी हळू धरला. आत मोटार व्यवस्थित चालू होती.