“हे मला येत नाही गं”

मंडळी, आज सकाळी माझी नात सई एका मुलीची शिकवणी घेऊन आली ती पडलेल्या चेहऱ्याने. “आजी, त्या मुलीने गणित विचारलं. मला आलं नाही, मग काहीतरी ठोकून दिलं.”

मी तिला माझ्या शिकवणीच्या सुमतीबाईंची गोष्ट सांगितली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी लालबागच्या चाळीत राहायचे, सातवीत होते. बाई ठाकूरद्वारहून शिकवायला यायच्या. एकदा एका गणितावर त्या अडल्या. पेन्सिल खाली ठेवून सरळ म्हणाल्या, “हे मला येत नाही गं. उद्या शिकून येते.”

दुसऱ्या दिवशी हरताळ. बस, ट्राम सगळं बंद. तरी बाई आल्या, चालत, घामाघूम होऊन! आईने दिलेलं पाणी बाजूला ठेवून आधी गणित सोडवून दाखवलं. तेव्हापासून “मला कळलं नाही” म्हणायला मी कधी घाबरले नाही.

सईने लगेच त्या मुलीला फोन लावला. “अगं, मघाशी मी गणित चुकीचं सांगितलं. सॉरी.”

पलीकडून आवाज आला, “बरं झालं ताई, सांगितलंत! मला वाटलं, मीच ढ आहे.”

मी मनातल्या मनात बाईंना हात जोडले. तुम्हाला भेटलं का असं कुणी शिकवणारं?