अकरा वारसांची जमीन

“आधी खा, मग बुडण्याचं बोल,” असं म्हणत त्या मला हाताला धरून स्वयंपाकघरात न्यायच्या. साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्या एकट्या राहत. वय ऐंशीच्या पुढे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ऑफिसचा माणूस दारात आला की स्वतःचं रडगाणं सोडून त्याच्याच पोटाची काळजी करणारी.

मी प्लेनो शहरातल्या आमच्या ऑफिसातून तिथे सर्व्हेला जायचो. समुद्र चढतोय म्हणून तिथली घरं उंच खांबांवर उचलून द्यायची योजना होती. मोठी भरती आली की त्यांच्या अंगणात मासे यायचे. मी फोटो काढू लागलो की त्या म्हणायच्या, “मासे पाहुणे आहेत रे. पाणी मात्र राहायला आलंय.”

फॉर्मवर ‘मालक’ हा रकाना आला आणि घोडं अडलं. ती जमीन गुलामीतून सुटलेल्या त्यांच्या पणजोबांनी घेतलेली. मृत्युपत्र नाही, वाटणी नाही, सगळ्या वारसांची सामाईक. नावं सांगायला त्या तयार नव्हत्या. “कागदावर नाव गेलं की लोक शोधत येतात.”

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलं की माणूस संपला. मी शहाणपणा शिकवला, “मावशी, सगळी नावं लावा. नाव असलं की हक्क राहतो.” मावशी म्हणजे काय हे कळल्यापासून त्यांना ती हाक फार आवडायची. टोपली विणता विणता त्यांनी अकरा नावं सांगितली, फार पूर्वी घराशी संबंध तोडून गेलेल्या चुलतभावाचंसुद्धा. “यादी ऑफिसबाहेर जाणार नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. आमच्या मॅनेजरने मला तसंच सांगितलं होतं.

पुढे ऑफिसने यादी अहवालाला जोडली आणि अहवाल सगळ्यांना खुला झाला. एका रिसॉर्टवाल्याने चुलतभावाला गाठून त्याचा हिस्सा घेतला आणि कोर्टाकडून अख्खी जमीन विकायला लावली. तिथे एका हिस्सेदाराला तसं करता येतं. मला माहीत नव्हतं, आणि विचारायची अक्कलही झाली नाही. मॅनेजर म्हणाला, “यार, प्रोसेस आहे.” मला त्याची चीड आली. पण शब्द मी दिला होता.

घर रिकामं करायच्या दिवशी मी गेलो. म्हणालो, “मावशी, नावं माझ्यामुळे गेली.”

“ठाऊक आहे. त्या चुलतभावाचं नाव मी फक्त तुलाच सांगितलं होतं.”

दारात त्यांची आरामखुर्ची ठेवलेली होती. सामानाच्या गाडीत चढवावी म्हणून मी वाकलो.

“राहू दे. माझी माणसं येतायत.”

दुपार उलटली तरी कोणी आलं नाही. त्या उन्हात पायरीवर बसून राहिल्या, पण मला खुर्चीला हात लावू दिला नाही.