भाकऱ्यांच्या लेबलावरचा र

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. वाचायची वेळ कुणावर आलीच तर त्यानं सांभाळून घ्यावं. शाळा चौथीपर्यंतच झाली. वही कुणाला दाखवायची नाही, तरी लिहिते.

आम्ही दौंडला राहतो. सून घरी कॉम्प्युटरवर लेबलं, पत्रिका करून देते. खुटबावच्या बचत गटानं कडक भाकऱ्यांची लेबलं सांगितली आणि सगळे पैसे आधीच दिले. घरच्या विंडोजवर मजकूर नीट दिसत होता. तो घेऊन आम्ही दोघी एसटीनं शिरूरच्या एका छापखान्यात गेलो. तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्हतं, लिनक्स नावाचं दुसरंच काही होतं. मालकानं फाइल उघडली. सुनेनं एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "बरोबर हाय, छापा."

मी मागं उभी होते. 'भाकऱ्या'मधल्या र खाली टिंब आलं होतं, त्याचा पाय मोडल्यासारखा दिसत होता आणि पुढचा 'या' सुटा पडला होता. सून झरझर वाचते. शब्द ओळखीचा, म्हणून तिनं अक्षर पाहिलंच नाही. मी एकेक अक्षर लावून वाचते, मला दिसलं. पण वाटलं, शिकलेली माणसं आता असंच लिहीत असतील. परक्या माणसासमोर तोंड उघडवेना.

आठवड्यानं गटाच्या बाई लेबलांचा गठ्ठा घेऊन दारात आल्या.

"दुकानदार हसतोय आम्हाला. म्हणतो, अक्षरं लंगडी, मग भाकरी तरी धड हाय का? आमचं पैसं द्या."

सून रडकुंडीला आली. पैसे कागदात आणि छपाईत गेले होते. त्या गेल्यावर मी सांगितलं, "मी तवाच बघितलं व्हतं."

"मग बोलला का न्हाई, आत्या?"

"मला वाटलं, आता असंच लिहीत असतील." तिनं गठ्ठ्यातलं एक लेबल माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता छापायच्या आधी अक्षरं बघायचं काम तुमचंच."

मी कागदावर सगळी अवघड अक्षरं लिहून काढली, क्ष, ज्ञ, श्र, द्ध, ऱ्या, ऱ्हा. तिनं ती एका फाइलीत टाइप केली. घरच्या विंडोजवर सगळी नीट. मुलाच्या फोनवर एका जागी नुसतं टिंबांचं कडं. शिरूरला जाऊन लिनक्सवर पाहिलं, तर दोन अक्षरं मोडलेली. कागदावर बोट ठेवून मी एकेक सांगत गेले. छापखान्याच्या मालकानं दुसरा फाँट घातला.

"आता?"

"ऱ्हा अजून न्हाई."

तो हसला. "मावशी, तुम्ही बारीक बघता."

तिसऱ्या फाँटला सगळी अक्षरं जुळली. आता छपाईआधी तो कागद घेऊन मीच जाते.

गटाचे पैसे एकदम देता आले नाहीत. सुनेनं पत्रिकांतून दिले, मी कुरकुंभच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांचे जेवणाचे डबे करून दिले. दिवाळीनंतर उरलेले घेऊन मी एकटीच खुटबावला गेले. बाईंनी ओट्यावर बसून मोजले आणि म्हणाल्या, "फिटलं सगळं."