सव्वानऊची मेल

आमची धाकटी काय काम करते, हे मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. नकाशे काढायचा एक प्रोग्राम आहे, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, सगळ्यांना फुकट. तो दहा जातींच्या कॉम्प्युटरांवर चालायचा तर प्रत्येक जातीसाठी वेगळा बांधावा लागतो. ती बांधणी, म्हणजे बिल्ड, हिच्या गळ्यात. सुरळीत चाललं तर कुणी नाव काढत नाही, अडलं की जो तो हिच्यावर खेकसतो. बारा वर्षं हा फुकटचा ताप डोक्यावर घेऊन बसलीय.

एका जुनाट मशीनचा बिल्ड तिचा मित्र स्वतःच्या घरी करायचा. रोज सकाळी सव्वानऊला त्याच्या नावानं मेल यायची, ‘सगळं ठीक.’ दोन वर्षांपूर्वी तो अपघातात गेला आणि मेल येतच राहिली.

‘‘मशीन आपोआप पाठवतं गं,’’ धाकटी म्हणायची, पण मेल दिसली की लॅपटॉप मिटून टाकायची. शेवटी तिनं त्या मेल परस्पर बाजूला पडतील अशी सोय केली आणि तिकडे बघणंच सोडलं. भ्यायली होती, दुसरं काय!

गेल्या महिन्यात प्रोग्राम लिहिणाऱ्या सगळ्यांचं ठरलं, या जातीचं मशीन आता कुणी वापरत नाही, काढून टाका. रविवारी सकाळी धाकटीनं प्रोग्राममधल्या त्या मशीनच्या सगळ्या ओळी पुसल्या आणि मला म्हणाली, ‘‘ताई, चल ना. त्याच्या घरचं मशीन बंद करून येऊ. एकटीला जाववत नाही.’’

साडेआठला त्याच्या वडिलांनी दार उघडलं. टेबलावर मशीन घरघरत होतं, शेजारी त्याचा चष्मा, कुठे धुळीचा कण नाही. काकांनी खुर्चीत बसून एक बटण दाबलं.

‘‘रोज या वेळेला हे अडून बसतं. दाबलं की पाऊण तासात हिरवं होतं. त्या दिवशी निघताना म्हणाला होता, बाबा, मी येईपर्यंत बघा.’’

म्हणजे आपोआप काहीच होत नव्हतं.

‘‘तिकडे मेल तू बघतेस ना रोज?’’ काकांनी विचारलं.

‘‘बघते, काका.’’ धडधडीत खोटं.

सव्वानऊला पडदा लाल झाला. काका ताडकन उठले. ‘‘असं कधीच झालं नव्हतं. माझं काही चुकलं का गं?’’

‘‘तुमचं नाही काका. माझं चुकलं.’’ धाकटीनं लॅपटॉप काढला, पुसलेल्या ओळी परत घातल्या आणि म्हणाली, ‘‘आता दाबा.’’ पाऊण तास आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. हिरवं झालं तेव्हा ती लहान मुलीसारखी रडली.

बाकीच्यांना तिनं ठणकावलं, हे मशीन राहणार. आता रोज सव्वानऊला ती मेल उघडते आणि ‘बघितलं, काका’ असं उत्तर धाडते. पूर्वी मेल आली की घाबरायची, आता यायला दोन मिनिटं उशीर झाला तरी जीव टांगणीला लागतो.

काल साडेनऊ वाजले तरी मेल आली नाही. मी चपला शोधेपर्यंत धाकटी अनवाणीच जिना उतरली होती.