वाळूतला नाला

नाथाजी मांडवे सहा वर्षं पलटणीत होता आणि त्या सहा वर्षांत त्यानं एकही गोळी झाडली नाही. तो कंपनीचा कारकून होता. दुसऱ्यांनी झाडलेल्या गोळ्या, दुसऱ्यांनी खाल्लेलं रेशन आणि दुसऱ्यांचं मरण तो लिहीत असे. सेहेचाळीस साली सुटून घरी आला तेव्हा त्याचे हातपाय जिथल्या तिथं होते, आणि येळावडीत याचं थोडं नवलच वाटलं. औंधापासून तीन कोसांवरच्या त्या गावातून घरटी एक माणूस लढाईला गेला होता, आणि आलेला प्रत्येकजण काही ना काही तिकडं ठेवून आला होता.

परत आलेल्यांना रविवारचं काय करावं ते कळेना. सुभेदार हंबीररावांनी त्यावर तोड काढली. तालमीच्या ओट्यावर त्यांनी हातभर उंचीची एक मोठी लाकडी पेटी मांडली, ओढ्याची वाळू चाळून तीत भरली आणि वाळूचा डोंगर केला. पलटणीत साहेब लोक लढाईच्या आधी असा डोंगर करून शिपायांना दाखवत. फरक इतकाच, की तिथं आधी वाळू आणि मग लढाई. इथं लढाई होऊन गेली होती.

डोंगर इटलीतला होता. चव्वेचाळीसच्या शरदात सुभेदारांची कंपनी त्याच्या पायथ्याशी अडकली होती, आणि अकरा जवान पुढं एका सोंडेवर एकटे पडले होते. खेळ तोच होता. निळ्या बाजूचे चिंचोके, लाल बाजूच्या गुंजा. निळ्यानं दहा डावांत सोंडेवरच्या अकरा चिंचोक्यांपर्यंत पोचायचं, लालनं पोचू द्यायचं नाही. गोळी लागली की चुकली ते कवड्या ठरवत. एका डावात एक वीत चालायचं. कुणाची वीत, यावरून पहिल्याच रविवारी दोघांची गचांडी धरून झाली, म्हणून नाथाजीनं बांबूची एक कांब सुभेदारांच्या वितीएवढी कापली आणि भांडण मिटवलं.

निकालाचं पुस्तकही त्याचंच. जाड पुठ्ठ्याचं, सांगलीहून आणलेलं. तारीख, लाल कोण, निळा कोण, किती पडले, निकाल, शेरा आणि शेवटी हरणाऱ्याची सही. जिंकणाऱ्याची सही घेत नसत. जिंकलेला माणूस कशावरही सही करतो, असं नाथाजीचं मत होतं. निकाल लिहिला की तो मोठ्यानं वाचायचा, कारण निम्म्यांना वाचता येत नव्हतं. मग हरलेला सही नाहीतर अंगठा करायचा, आणि त्यानंतर त्या खेळावर कुणी बोलायचं नाही. गावात इतर कुठल्याच गोष्टीबद्दल असं ठरलेलं नव्हतं.

पुस्तकात एकेचाळीस खेळ झाले होते. सगळ्यांत लाल सुभेदार, आणि सगळ्यांत जिंकलेले सुभेदार. डोंगराच्या डाव्या अंगाला एक नाला होता, त्यात चुलीतली राख पसरलेली असे. राख म्हणजे पाऊल टाकायचं नाही. म्हणून निळ्याला उजवीकडची उघडी वाट धरावी लागे, आणि त्या वाटेवर गुंजा टपून बसलेल्या असत.

पहिल्या पानावर नियम लिहिला होता : नाला ओलांडता येत नाही. हे वाक्य नाथाजीनं त्याआधी एकदा इटलीत, कंपनीच्या अहवालात इंग्रजीत लिहिलं होतं. साहेब जखमी होऊन मागं गेले होते आणि कंपनी सुभेदारांच्या हाती होती. सोंडेवरच्या अकरांकडं रात्रभर कुणी गेलं नाही आणि अकराही मारले गेले. सकाळी सुभेदारांनी नाथाजीला समोर बसवलं. "लिव," ते म्हणाले, "नाल्याला पूर हुता. पानी छातीच्या वर." नाथाजीनं लिहिलं. आदल्या दिवशी सांज होता होता तो स्वतः त्या नाल्यात उतरून पाण्याचे डबे भरून आला होता. पाणी गुडघ्याएवढं होतं, आणि नंतर पाऊस पडला नव्हता.

अकरांमधला एक येळावडीचा होता. मानसिंग. त्याचे वडील आप्पासो दर रविवारी ओट्यावर येऊन बसत. खेळत नसत, बोलत नसत. निकाल वाचून झाला की म्हणत, "म्हंजे आजबी न्हाई पोचलं," आणि धोतर झटकून घरी जात. त्यात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं. जिथं कुणालाच पोचता येत नाही, तिथं आपल्या पोराला कुणी टाकून दिलं असं होत नाही. एकेचाळीस रविवार हा दाखला त्यांना मिळत होता आणि तो देणाऱ्याचं नाव नाथाजी होतं. हे नाथाजीला विसाव्या की एकविसाव्या खेळाला कळलं. तरी त्यानं लिहिणं थांबवलं नाही. अक्षर तेवढं बारीक झालं.

बेचाळिसाव्या रविवारी निळ्या बाजूला बसायला कुणी तयार होईना. हरून हरून माणसं कंटाळली होती. शिवारात माणदेशातून मेंढरं आली होती, आणि बिराप्पा धनगर काठीवर हनुवटी टेकून खेळ बघत उभा होता.

"ये रं बिराप्पा, बस," सुभेदार म्हणाले. "मेंढरं हाकतोस, मानसं हाक जरा."

"मेंढरं ऐकत्यात तरी," बिराप्पा म्हणाला आणि मांडी घालून बसला.

पहिल्याच डावाला त्यानं आठ चिंचोके उचलले आणि राखेत ठेवले. सगळे हसले.

"तिथनं न्हाई जायचं. नाला हाय त्यो."

"नाला हाय त्ये दिसतंय. पानी किती?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारण्याची गरज नव्हती, राख होती.

"छातीएवढं," सुभेदार म्हणाले.

बिराप्पानं मान वाकडी करून वाळूकडं बघितलं. मग काठीचं टोक नाल्याच्या वरच्या अंगाला टेकवलं आणि खालपर्यंत हळू ओढत आणलं. "सुबेदार, ह्यो उतार तुमीच केलाय न्हवं?"

"म्या केलाय. बोटाबोटानं मापून. तिथं हुता तसाच हाय."

"मग एवढ्या उताराला छातीएवढं पानी थांबंल कशाला? खाली पळून जाईल. गुडघ्याएवढं आसंल. माझी गाभण मेंढीबी जाईल इथनं."

कुणी हसलं नाही. सुभेदार डोंगर करण्यात कधी चुकत नसत. प्रत्येक सोंड, प्रत्येक उतार त्यांनी खरा केला होता. वाळूत त्यांना खोटं करता आलं नव्हतं, राख तेवढी वरून टाकता आली होती.

"खेळा की," बिराप्पा म्हणाला. "राख घातली म्हून पानी वाढतंय व्हय?"

सुभेदार खेळले. का खेळले ते त्यांनी पुढंही कधी सांगितलं नाही. बहुधा हरण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून हार येताना ओळखू आली नाही. सातव्या डावाला बिराप्पाचे पाच चिंचोके सोंडेवरच्या अकरांना जाऊन चिकटले.

"नाथाजी," सुभेदार म्हणाले, "लिव. खेळ रद्द. नियम मोडला."

नाथाजीनं टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरला. शाईचा थेंब पुस्तकावर पडायला आला तेव्हा त्यानं टाक परत दौतीत ठेवला.

"आवं सुबेदार," तो म्हणाला, "पानी गुडघ्याएवढं हुतं."

"कुठल्या नाल्याचं बोलतोस तू?"

"एकच हाय की नाला."

"तू कारकून हाईस, नाथाजी. सांगितलं त्ये लिवायचं."

"लिवलं न्हवं एकदा."

मग त्यानं निकाल लिहिला आणि नेहमीसारखा मोठ्यानं वाचला. "लाल, सुभेदार हंबीरराव. निळा, बिराप्पा. निळ्याचे पडले तीन. निळा जिंकला. नाल्यातून."

त्यानं पुस्तक सुभेदारांपुढं सरकवलं. सुभेदारांनी विचारलं, "सही कुठं करायची?" नाथाजीनं रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी सही केली, पूर्ण नावानं, हुद्द्यासकट.

आप्पासो उठले नव्हते.

"म्हंजे जाता येत हुतं," ते म्हणाले.

"व्हय, आप्पासो."

"आनि येत न्हाई म्हून कुनी लिवलं?"

"म्या लिवलं."

आप्पासोंनी सुभेदारांकडं बघितलं नाही. नाथाजीकडंच बघत म्हणाले, "धा म्हैनं झालं मी हितं येतोय. रोज रामराम घालत हुतास मला." आणि ते गेले. बिराप्पाला आपण काय जिंकलो ते कळलं नाही. तो मेंढरांकडं गेला.

आठवडाभर नाथाजीच्या घरी कुणी आलं नाही आणि तोही कुणाकडं गेला नाही. रविवारी तो पुस्तक घेऊन ओट्यावर आला, कारण रविवार होता. सुभेदार आधीच येऊन लाल बाजूला बसले होते. राख त्यांनी काढून टाकली होती. थोड्या वेळानं आप्पासो आले आणि निळ्या बाजूला बसले. नियम त्यांना कुणी समजावले नाहीत. एवढे रविवार बघून त्यांना ते पाठ होते.

त्यांनी सगळे चिंचोके नाल्यात घातले, एकही मागं ठेवला नाही. सुभेदारांनी कवड्या टाकल्या, जशा पडल्या तशा मोजल्या, हयगय केली नाही. या खेपेला गुंजा नाल्याच्या तोंडावर होत्या. सहाव्या डावाला शेवटचा चिंचोका सोंडेच्या अलीकडं वीतभर पडला.

नाथाजीनं निकाल वाचला. लाल जिंकला.

आप्पासोंनी अंगठा शाईत टेकला आणि तसाच वर धरून ठेवला. "हारलो त्ये लिवलंस," ते म्हणाले. "गेलो हुतो त्ये कुठं लिवलंस?"

नाथाजीनं पुस्तक परत आपल्याकडं ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : गेले होते. मग तेही मोठ्यानं वाचलं.

"हां," आप्पासो म्हणाले, आणि अंगठा केला.