डॉक्टरांचा पांढरा कोट

टेलर मास्तरांना देव चुकतो हे मान्य होतं. टेप चुकतो हे नाही. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या कापडाला त्यांनी डाग लागू दिला नव्हता. "मला एवढं जपलं असतंत, तर मीही पांढरीशुभ्र राहिले असते," बायको म्हणायची.

मशीनचं पायडल मारून मारून डावा गुडघा कामातून गेला. तो बदलल्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

"पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. महिनाभर, एकही दिवस चुकवायचा नाही. खरचटलं तर रक्त लवकर थांबणार नाही, घाबरू नका. पण पोटरी सुजली तर थेट इकडे या."

मास्तरांनी मान डोलावली आणि उपकाराची फेड म्हणून डॉक्टरांच्याच खांद्याचं माप घेतलं. पांढरा कोट, शिलाई फुकट.

दहा गोळ्या झाल्या आणि काजं करताना सुई बोटात गेली. एरवी बोट तोंडात घातलं की भागायचं. आज रक्त थांबेचना. कॉलरवर लाल ठिपका! मास्तरांनी कॉलर नवी कापली आणि उरलेल्या गोळ्या बटणांच्या डब्यात ढकलल्या.

"अहो, गोळी घेतली?"

"घेतली गं! सासू आहेस का माझी?"

"सासू असते तर मुलगी दिली नसती."

चार दिवसांनी पायजमा डाव्या पोटरीला रुतू लागला. टेप लावला, तर उजवीपेक्षा दीड इंच जास्त. दुसऱ्या कुणी दवाखाना गाठला असता. मास्तरांनी शिवण उसवून पायजमा सैल केला. दोन दिवसांनी आणखी सैल केला. कोटाची तीन बटणं राहिली होती. दवाखान्यात पडून राहिलो तर ती कोण लावणार?

तिसरं बटण लावून त्यांनी दोरा दातांनी तोडला, आणि श्वासच पुरेना.

दवाखान्यात नर्सनं पायजमा कापायला कात्री घेतली. "शिवणीवरून काप गं, बाई," मास्तर धापा टाकत म्हणाले. बायकोनं ऐकलेलं ते त्यांचं शेवटचं बोलणं.

"गुठळी फुप्फुसात गेली," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या घेत होते ना?"

"रोज विचारायचे हो मी."

महिन्यानं ती कोट द्यायला निघाली. सोबत एक जादा बटण असावं म्हणून डबा उघडला. तळाशी वीस गोळ्या होत्या.

डॉक्टरांनी कोट उलटसुलट करून पाहिला. "काय हात होता! एक डाग नाही."

"पडू दिलाच नाही त्यांनी," ती म्हणाली आणि डबा त्यांच्या टेबलावर ठेवला.